अकरावीचा चौकोन आणि आमचा कार्यभार

दहावीचा निकाल लागला की कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर मराठीच्या प्राध्यापकाला हमखास बसवले जाते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला सुट्टीत कामे असतात, मराठीच्या प्राध्यापकाला नसतात, असा एक सर्वमान्य समज आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. त्यामुळे गेली बारा-पंधरा वर्षे मी विज्ञान शाखेच्या प्रवेशाच्या टेबलाशी बसत आलो आहे. हल्ली महाविद्यालय संगणक ठरवतो. विषय मात्र प्रत्यक्ष येऊन, एका छापील अर्जावर, आमच्यासमोर उभे राहून निवडावे लागतात.

त्या अर्जात इंग्रजी सक्तीचे असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांविषयी चर्चाच होत नाही. गणित, जीवशास्त्र की दोन्ही, हा प्रश्न मूल घरूनच सोडवून आलेले असते. किंबहुना क्लासवाल्यांनी तो 'ग्रुप' या नावाखाली दहावीच्या सुट्टीतच सोडवलेला असतो. मग उरतो एक चौकोन. त्यात मराठी, हिंदी, संस्कृत, जिथे सोय असेल तिथे जर्मन किंवा फ्रेंच, आणि त्याच रांगेत माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी. ज्याला इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र असा द्विलक्ष्यी विषय मिळाला, ज्याला सगळे बायफोकलच म्हणतात, त्याला हा चौकोन भरावाच लागत नाही. तो विषय एकट्याने २०० गुणांचा असतो. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय अशा दोघांची जागा तो व्यापतो. बाकीच्यांना हा चौकोन भरायला साधारण दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत पालक एकच प्रश्न विचारतात: "सर, यात मार्क किती पडतात?"

या प्रश्नाने व्यथित होऊन आम्ही मराठीचे अध्यापक गेली कित्येक वर्षे लेख लिहीत आहोत. २७ फेब्रुवारीच्या आसपास त्यांचे पीक येते. मीही असा एक लेख लिहिला आहे आणि त्याचा सांगाडा मला पाठ आहे. आधी ज्ञानेश्वर आणि तुकाराम, मग इंग्रजी शाळांचे आक्रमण, मग गुणांच्या मागे धावणारा पालक, मग आयटीला भाषेच्या रांगेत बसवणाऱ्या शासनाचा निषेध, आणि शेवटी बारावीपर्यंत मराठी सक्तीची करा ही मागणी. राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, तेव्हापासून या मागणीला जोर आला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर ती करण्याचा आपला नैतिक अधिकारच आहे असे आम्हांला वाटू लागले आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख पालकांवर नाही, शासनावर तर त्याहून कमी. तो आमच्यावर आहे. विज्ञान शाखेतून मराठी गेली याचे जे दुःख आम्ही जाहीरपणे करतो, त्यात भाषेचा भाग थोडा आणि कार्यभाराचा भाग मोठा आहे, हे एकदा कोणीतरी स्वच्छ लिहायला हवे.

कार्यभार म्हणजे काय, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. विषयाला विद्यार्थी किती, त्यावर तुकड्या, तुकड्यांवर तासिका, तासिकांवर पदे. विज्ञानाच्या दोन तुकड्यांनी मराठी सोडून आयटी घेतली की मराठीचे एक पद डळमळीत होते. ज्याचे पद डळमळते त्याने कासावीस होणे स्वाभाविक आहे. मी त्याची टिंगल करत नाही, मीही त्या रांगेत उभा राहिलेला आहे. माझी तक्रार एवढीच की या कासाविशीला आम्ही 'मातृभाषेवरील संकट' म्हणतो. ज्या महाविद्यालयांत विज्ञानाच्या मुलांची मराठी कशीबशी शाबूत राहिली, तिथे ती कशी शिकवली जाते याविषयी आमच्यापैकी किती जणांनी दोन पाने लिहिली आहेत? विषय टिकला की आमचे दुःखही आटोपते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. 'मार्क किती पडतात' हा प्रश्न क्षुद्र आहे असे आम्ही समजतो. माझ्या मते त्याचा दोष क्षुद्रपणाचा नाही. तो जुना झालेला आहे. बारावीच्या एकूण टक्क्यांवर व्यावसायिक शिक्षणाचे दार उघडत असे तेव्हा एकेक गुण मोलाचा होता. आज वैद्यकीय प्रवेश 'नीट'च्या गुणवत्तेवर होतो. बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के असले की पात्रता झाली. राज्यातल्या अभियांत्रिकीसाठी सीईटी आहे. आयआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते आणि त्या बेरजेत एक भाषा आणि एक अन्य विषय धरला जातो, हे खरे. पण जो मुलगा 'ॲडव्हान्स्ड' उत्तीर्ण होतो तो मराठीतल्या पाच-दहा गुणांमुळे त्या उंबरठ्यावर अडखळेल, हे संभवत नाही. मराठीत ७२ मिळाले काय आणि आयटीत ९४ मिळाले काय, या मुलांच्या पुढच्या आयुष्यात त्याने बहुतेक काहीच बदलत नाही. बदलते ते नातेवाइकांना सांगायचे टक्के.

मग चौकोनात मराठी का येत नाही? मी मुलांनाच विचारत आलो. उत्तर गुणांचे नसते, वेळेचे असते. मराठीला लिहावे लागते. आयटीची परीक्षा संगणकावर बसून द्यायची, बहुतांशी वस्तुनिष्ठ. तिची तयारी शेवटच्या पंधरवड्यात होते असे मुले सांगतात. बायफोकलमध्ये प्रात्यक्षिकांचे गुण हाताशी असतात. संस्कृतविषयीचे प्रेम विज्ञान शाखेतच एकाएकी का उमलते, याचेही कारण निराळे नाही. मुलाला दोन वर्षे लागतात ती प्रवेशपरीक्षेसाठी, आणि वेळ न मागणारा विषय त्याला हवा असतो. काही ठिकाणी तर महाविद्यालय नावापुरतेच उरले आहे. मुले क्लासमध्ये असतात आणि पटावर आमच्याकडे असतात. २०१८ साली शासनाने काही विभागांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती याच कारणाने. अंगठ्याच्या ठशाने काय साधले ते ज्याने त्याने आपल्या वर्गात डोकावून पाहावे.

येथे एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटते. या व्यवहारात मराठीबरोबर आणखी एक विषय निवडला जात नाही, आणि तो म्हणजे विज्ञान. इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्या मुलाला ट्रान्झिस्टरविषयी कुतूहल असते असे नाही. जीवशास्त्र सोडणाऱ्याला जीवशास्त्र नावडते असेही नाही. 'नीट' द्यायची नाही एवढेच त्याने ठरवलेले असते. एका मुलाने मला अगदी सरळ सांगितले होते, त्याला प्राणी फार आवडत, म्हणून तो वाईट वाटून घेत गणिताचा ग्रुप घेत होता. हे वाक्य मी पुन्हा लिहून पाहिले तरी त्याचा अर्थ लागत नाही. तेव्हा 'विज्ञानाने मराठीला हुसकावले' ही आमची मांडणीच चुकीची आहे. दोघांनाही एकाच गोष्टीने हुसकावले आहे, आणि एका बेघराने दुसऱ्यावर घर बळकावल्याची फिर्याद करावी तसे आमचे चालले आहे.

आयटीचाही मी वैरी नाही. संकेतस्थळ कसे उभे करावे, जावास्क्रिप्ट, पीएचपी, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने शिकले तर त्यात वाईट काय? आक्षेप घ्यायचा तर तो चौकोन आखणाऱ्याच्या कल्पनेवर घ्यावा. भाषा आणि माहिती तंत्रज्ञान ही एकमेकांच्या जागी चालणारी नाणी आहेत, असे त्याने धरले, कारण भाषा म्हणजे माहितीची ने-आण असे त्याला वाटले. पण आम्ही याहून निराळे काय धरले? बारावीच्या 'युवकभारती'तला 'उपयोजित मराठी' हा विभाग पाहा: मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. हे निरुपयोगी आहे असे नाही. मात्र जी संस्था अजून स्थापन झाली नाही तिचे माहितीपत्रक आणि जो समारंभ झालाच नाही त्याचा अहवाल लिहायला लावणे, ही मजकुराशिवायची भाषा आहे. काव्याकडे या, तर रसग्रहण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तीन परिच्छेद, प्रत्येकात ठरलेली विशेषणे. कविता कोणतीही असो, 'कवीने समर्पक शब्दयोजना केली आहे' हे वाक्य चालते. ते लिहिणाऱ्याला गुण देणारा मीच असतो. ज्या मुलाने दहा वर्षे हे केले, त्याने अकराव्या वर्षी मराठी सोडली तर त्याने भाषा सोडली असे मी म्हणणार नाही. त्याने एक नमुना सोडला, आणि दुसरा, कमी कष्टाचा, धरला.

माझ्या मनाची ही पालटलेली स्थिती एका क्षुल्लक गोष्टीने झाली. शंभराच्या वर मुलांच्या तुकडीतून मराठी घेणारी पंधरा-वीस मुले माझ्या वाट्याला आली होती, सगळी चांगल्या गुणांची. एका दुपारी वीज गेलेली, पुस्तक उघडण्याचा कोणाचाच उत्साह नव्हता. मी म्हटले, कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते ते आजीला समजेल असे लिहा. अर्धे पान पुरे. एक शब्दही इंग्रजी नको असे मी म्हटले नव्हते. प्रेशर, कुकर, शिट्टी सगळे चालेल.

बहुतेकांनी लिहिले की आत प्रेशर तयार होते आणि प्रेशरमुळे डाळ लवकर शिजते. म्हणजे दाबाने डाळ चेपली जाते की काय? काहींनी वाफ जास्त गरम असते असे लिहिले. का, ते नव्हते. दोघांनी इंग्रजी पाठ्यपुस्तकातले वाक्य जसेच्या तसे लिहिले, आणि त्याचा अर्थ विचारला तर गप्प राहिले. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळू लागते आणि मग कितीही जाळ केला तरी ते त्याच्या वर तापत नाही. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की दाब वाढतो, वाढलेल्या दाबाखाली पाणी उकळायला अधिक तापावे लागते, साधारण एकशेवीस अंशांपर्यंत. आणि डाळ त्या अधिक तापलेल्या पाण्यात शिजते. एवढीच गोष्ट. ती फक्त एका मुलीने लिहिली. लेहला उघड्या भांड्यात भात शिजता का शिजत नाही, हेही तिने त्याच ओघात सांगून टाकले.

मी ते कागद भौतिकशास्त्राच्या आमच्या सहकारी बाईंना दाखवले. माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, मुलांचे मराठी कच्चे आहे. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "यातलं मराठी ठीक आहे हो. चूक आमच्या विषयाची आहे. यांना हे कळलेलंच नाही, आणि आमच्या पेपरात ते उघडकीला येत नाही." आकडे घालून गणित सोडवता येते, चार पर्यायांतून एक निवडता येतो, आणि दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध मात्र डोक्यात नसतो. तो आहे की नाही हे कळण्याचा एक मार्ग म्हणजे 'म्हणून', 'तरी', 'जोपर्यंत', 'त्यामुळे' हे शब्द योग्य जागी घालून सलग चार वाक्ये लिहायला लावणे. उभयान्वयी अव्यये आम्ही पाचवीपासून शिकवतो, ती कशासाठी असतात ते मला त्या दिवशी स्टाफरूममध्ये कळले.

यावर काही सहकारी म्हणतात की विज्ञानाला मराठी पुरत नाही. हे ऐकले की मला विशेष राग येतो, कारण ते म्हणणारे मराठीचेच पदव्युत्तर असतात. बल, कार्य, ऊर्जा, शक्ती. मराठी माध्यमातल्या दहावीपर्यंतच्या मुलाने हे चार शब्द शिकलेले असतात. व्यवहारात बळ, जोर, ताकद, शक्ती, सामर्थ्य हे सगळे एकमेकांत मिसळून जातात. शास्त्राने त्यांना वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगले. डोक्यावर ओझे घेऊन तासभर फलाटावर उभा राहिलेला हमाल घामाने निथळतो, पण ओझे हलले नाही म्हणून भौतिकशास्त्राच्या हिशेबी त्याने ओझ्यावर केलेले कार्य शून्य. इंग्रजीत दोन्हींना 'वर्क' हाच शब्द आहे, त्यामुळे तिथल्या मुलाला हे अन्यायाचे वाटते. मराठीने हमालासाठी 'काम' ठेवले आणि शास्त्रासाठी 'कार्य' घेतले. हा भेद शिकवायला याहून चांगले साधन कोणाच्या हाती आहे? उलट 'आज उष्णता फार आहे' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला तापमान म्हणायचे असते. भाजीवाला 'वजन' करतो ते वस्तुमान असते. येथे मराठी घोटाळा करते, आणि तो घोटाळा उलगडून दाखवणे हेही भाषेच्या वर्गातलेच काम आहे. जवळजवळ समानार्थी शब्दांत नेमका फरक कोठे पडतो, हे ओळखणे याला आम्ही साहित्यात शैलीविचार म्हणतो आणि त्यावर प्रबंध लिहितो.

आणि मग जून येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे त्वरण एका रात्रीत ॲक्सिलरेशन होते, संवेग मोमेंटम होतो, कारण राज्यात अकरावी-बारावीचे विज्ञान शिकवले जाते ते इंग्रजीतून. गंमत अशी की 'नीट' मराठीतून देता येते, २०२१ पासून जेईई मेनही मराठीतून देता येते. परीक्षेला मराठी आहे, अभ्यासाला नाही. ज्या चौकोनात या मुलाला दोन वर्षांसाठी आपल्या भाषेत विचार करायला एक तास मिळाला असता, तो चौकोन त्याने आयटीला दिलेला असतो, आणि मराठीला दिला असता तरी तिथे त्याला माहितीपत्रकच लिहायचे होते. हे दुसरे अर्धे वाक्य आमच्या लेखांत कधी येत नाही.

साहित्याची परंपरा सांगताना आम्ही जे गाळतो तेही याच ठिकाणी सांगायला हवे. 'दर्पण' १८३२ चे, हे प्रत्येक मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि ज्योतिष शिकवत, हे सांगताना आम्ही घाई करतो, आणि १८४० साली त्यांनी काढलेल्या 'दिग्दर्शन' मासिकाचे नाव वस्तुनिष्ठ प्रश्नापुरते उरते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास' १८९६ साली मराठीत प्रसिद्ध झाला, आणि पुढे तो इंग्रजीत भाषांतरित करावा लागला. प्रवाह मराठीतून इंग्रजीकडे गेला. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर हे नाव सापडते. कथा होती 'कृष्णविवर'. केंब्रिजमध्ये विश्वरचनेवर काम केलेल्या माणसाला आपली गोष्ट मराठीत, आणि आपल्या नावाच्या वजनाशिवाय, जोखून घ्यावीशी वाटली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आम्ही सर्वांनी श्रद्धांजलीपर लिहिले. त्यांच्या गद्याविषयी, त्यांच्या वाक्यरचनेविषयी मात्र आमच्या किती वर्गांत कधी तास झाला? आमच्या अभ्यासक्रमात विज्ञानलेखन हा पाहुणा असतो, एखाददुसऱ्या पाठापुरता येऊन जाणारा.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर वरचे सगळे लिहिण्याचा मला अधिकार नाही. चार वर्षांपूर्वी माझी मुलगी अकरावीला गेली. दहावीला तिला मराठीत उत्तम गुण होते. तिच्या अर्जावर पालक म्हणून माझी सही आहे आणि वर विषय आहे इलेक्ट्रॉनिक्स, बायफोकल. बहुतेक ठिकाणी ही तुकडी विनाअनुदानित असते. मी जादा शुल्क भरून तिची मराठी सोडवली. त्याच पंधरवड्यात मराठी सक्तीची करा असा माझा लेख एका पुरवणीत छापून आला होता. घरात कोणी हसले नाही, हेच मला अधिक लागले. पुढे एकदा मी तिला विचारले, की मराठी सुटल्याचे वाईट वाटले का. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या विषयात मला काय मिळालं असतं?" मी पुस्तकांची नावे घेऊ लागलो. ती म्हणाली, "ती मी घरी वाचतेच की." वाचते, हे खरे आहे. त्यापुढे वर्गात मी तिला काय दिले असते याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही.

सक्तीचे समर्थक म्हणतील की ही सगळी सुधारणेची कारणे आहेत, सक्ती सोडण्याची नव्हेत. आधी मुले वर्गात येऊ द्या, मग सुधारू. मला हा क्रम मान्य नाही. पहिली ते दहावी सक्ती आहे. तिच्यामुळे रसग्रहणाचे तीन परिच्छेद पालटले नाहीत. बंदिस्त गिऱ्हाईक मिळालेला दुकानदार माल सुधारत नाही, आणि आम्ही काही निराळ्या मातीचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो माझ्या जवळच्या मित्राचा आहे. तो म्हणतो, कुकर आणि कार्य-ऊर्जा शिकवायची तर साहित्याचे काय? मराठीला तू विज्ञानाची मोलकरीण करतोस. मी यावर पुष्कळ विचार केला. कविता वर्गातून काढा असे मी म्हणत नाही. पण स्वतःच्या डोक्याने एक कार्यकारणभाव मांडता न येणारे मूल कवितेविषयी स्वतःच्या डोक्याने काय बोलणार? ते 'समर्पक शब्दयोजना' म्हणणार. साहित्याचे रक्षण आपण त्या वाक्याने करत आहोत काय? मोलकरीण हा शब्दही मला बोचतो. जांभेकरांना तो सुचला नसता. मित्राचे समाधान झालेले नाही. आमचा वाद चालू आहे.

माझी मागणी मंडळाकडे आहे आणि ती लहान आहे. विज्ञान शाखेसाठी मराठीची वेगळी कृतिपत्रिका असावी. तिच्यातले निम्मे लेखन मुलांच्याच विषयांवरचे, म्हणजे प्रयोग, निरीक्षण, शंका, एखाद्या संज्ञेचा उलगडा, असे असावे. आणि प्रश्न काढायला विज्ञानाचे अध्यापक बरोबर बसावेत. ती मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही, कारण तोंडी परीक्षेचे २० गुण आमच्याच हातात आहेत. गेल्या वर्षी आम्ही ते असे वापरले: प्रत्येकाने प्रयोगवहीतला एक प्रयोग घेऊन पाच मिनिटे मराठीत सांगायचा, शेजारी विज्ञानाचे एक अध्यापक बसणार आणि दोघांनीही प्रश्न विचारायचे. सर्व काही छान झाले असे नाही. बरीच मुले पाठ करून आली. काहींनी इंग्रजी वाक्यांना मराठी क्रियापदे जोडली. एका मुलाने लंबकाचा प्रयोग सांगितला आणि लंबकाचे वजन वाढवले तर आंदोलनाचा काळ वाढेल का, यावर तो दोन्ही बाजूंनी बोलला. पण एका मुलीने अनुमापन सांगितले. फिनॉल्फ्थॅलीन घातलेल्या आम्लात ब्युरेटमधून अल्क थेंबाथेंबाने सोडायचा. गुलाबी रंग क्षणभर येतो आणि हलवले की जातो, तोवर थांबायचे नाही. जो पहिला फिकट रंग हलवूनही जात नाही तिथे थांबायचे, आणि गडद झाला तर तुम्ही पुढे गेलात. 'येतो आणि जातो' आणि 'येतो आणि राहतो', यांतला फरक तिने आवाजात दाखवला. आमच्या विभागातून तक्रार आली की हे अभ्यासक्रमात बसत नाही. प्राचार्यांनी फाईलवर 'चर्चा करावी' असे लिहिले आहे.

यंदा प्रवेशाच्या वेळी एका मुलाने विचारले, "सर, मराठीला प्रॅक्टिकल असतं का?" त्याच्या मनात गुणांचाच हिशेब असावा, तरी मला प्रश्न आवडला. मी त्याला त्या तोंडी परीक्षेविषयी सांगितले. तो ऐकत होता. वडिलांनी अर्ज आपल्याकडे ओढला, क्लासची वेळ साडेसातची आहे म्हणाले, आणि आयटीसमोर खूण केली. यंदा विज्ञानाच्या तुकडीत मराठी घेणारे चौदा आहेत. गेल्या वर्षी सतरा होते. पाहणी समिती आली की मला कार्यभाराचा तक्ता भरून द्यायचा आहे.